डमीचं गाणं

आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी येणं म्हणजे सणच. आठवड्यातून एकदा येतं, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घुरघुरायला लागतात. त्या दुपारी मी अंगणात ड्रमात पाईप धरून उभी होते. तोंडाला कुलूप. घशाचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी बजावलेलं, बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, मनातल्या मनातसुद्धा गुणगुणायचं नाही. गळ्यात दोरीनं पाटी अडकवलेली, हातात पेन्सिलीचा तुकडा. शेजारच्या गच्चीवर तिथली कॉलेजात जाणारी पोरगी मोबाइल उभा करून रील बनवत होती. तिनं गाणं लावलं, आणि त्या गच्चीवरून माझा आवाज आला.

माझ्यासारखा नव्हे. माझा. हातातला पाईप सुटला.

आपला आवाज बाहेरून ऐकला की माणूस दचकतो, मान्य. पण मी गाणारी बाई आहे. माझा आवाज मी जयंतीच्या मांडवातल्या कर्ण्यातून ऐकलाय, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात फुटक्या स्पीकरमधून ऐकलाय, स्टुडिओत हेडफोन लावून ऐकलाय. मला तो ओळखू येणार नाही? वरच्या सुरावर जाताना एक बारीकशी खर येत होती, अलीकडंच आलेली खरखर, ती तर मला झोपेतही ओळखू आली असती. पायांवरून पाणी वाहत होतं आणि मी मान वर करून उभी. आई आतून ओरडली, "अगं बाई, पानी चाललं की वाया! कुठं ध्यान हाय तुझं?" मी ओरडून उत्तर दिलं नाही, कारण ओरडायची परवानगी नव्हती.

ज्यांना मी माहीत नाही, आणि असे लोक भरपूर आहेत, त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील भीमगीतं गायचे. नोकरी वीज मंडळात, पण एप्रिल आला की माणूस घरी सापडायचा नाही. त्यांच्या पार्टीत मी लहानपणी खोक्यावर उभी राहून गायचे, कारण माइकपर्यंत तोंड पोचायचं नाही. पुढं ऑर्केस्ट्रा, आणि मग एक पॉप अल्बम. सीडी शेवटचे श्वास घेत होत्या तेव्हा माझा अल्बम आला. त्याच्या व्हिडिओसाठी मी मे महिन्यात, भर उन्हात, डोंगराच्या पायथ्याशी चंदेरी जाकीट घालून नाचले होते. चक्कर येऊन पडले ते दिग्दर्शकानं तसंच ठेवलं, म्हणाला, फार नॅचरल आलंय. एक हंगाम केबलवर ते गाणं दिवसातून कितीदा तरी लागलं. मग लागायचं बंद झालं. गल्लीत मात्र मी कायमची 'पॉपवाली' झाले. भाजीवालासुद्धा विचारायचा, "पॉपवाल्या ताई, मेथी देऊ का?"

मग मी लिहायला लागले. इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत संगीताबद्दल. नवी गाणी, कार्यक्रम, मुलाखती. गाता येत नाही ते समीक्षा लिहितात असं लोक म्हणतात. मला गाता येत होतं आणि मी लिहीतही होते, त्यामुळे मला दोन्हीकडून शिव्या. गाणारे म्हणायचे, ही आमच्यातली असून आमच्यावर उलटते. संपादक म्हणायचे, बाई, तुम्ही फार मनावर घेता. घेते तर घेते. बेसूर गाऊन वर मशीननं सूर सरळ करून घेतात आणि मी त्याला भावपूर्ण म्हणू? मला नाही जमत.

आणि तिसरं काम डमीचं. मोठी गायिका मुंबईत, तिला वेळ नसतो. संगीतकार गाणं बांधतो आणि आधी कुणाकडून तरी गाऊन घेतो. ते ऐकून मोठी गायिका चाल शिकते, आपल्या आवाजात गाते, आणि आधीचा आवाज पुसून टाकतात. पुसायचा आवाज तो डमी. धंद्याची रीतच आहे ती, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. मला उलट आवडायचं. नाव नाही, फोटो नाही, चंदेरी जाकीट नाही. नुसतं गायचं आणि घरी यायचं. फक्त एक नेम मी पाळायचे. मी डमी गायलेलं गाणं बाजारात आलं की ते ऐकायचं नाही. आपण घेतलेल्या जागा दुसरीच्या तोंडून ऐकवत नाहीत.

हे गाणं मी गारखेड्यातल्या एका स्टुडिओत गायले होते. स्टुडिओ कसला, एका बंगल्याची मागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. संगीतकार मूळचा सिल्लोडचा, आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा तेव्हापासूनचा माझा दोस्त. मला आपा म्हणतो. त्याला मुंबईच्या एका नामांकित बाईंचं काम मिळालं होतं. त्या एकेकाळी काय गायच्या! अलीकडं मात्र त्यांचा वरचा पट्टा गेला होता, आणि मी तसं माझ्या सदरात छापूनही टाकलं होतं. तो मला म्हणाला, "आपा, उनके जैसा गाओ. पर पुराने वाले उनके जैसा." त्या दिवशी घसा आधीच बसल्यासारखा होता. पण गाणं असं सुंदर बांधलं होतं त्यानं, की मी डोळे मिटले आणि एका दमात गाऊन बाहेर आले. त्यानं नुसता हात छातीवर ठेवला. मग आम्ही चहा प्यायलो.

पुढं घसा सुधारेना म्हणून डॉक्टरकडं गेले. त्यांनी नळी घालून बघितलं आणि स्वरपट्टीवर गाठ आहे म्हणाले. तपासण्या, फेऱ्या, तारीख, ऑपरेशन. मधल्या काळात गाणं आलं. दोस्तानं लिंक पाठवली, मी नेमाप्रमाणं उघडली नाही. आणि ऑपरेशननंतर तर गाणी ऐकायचीच बंदी, कारण गाणाऱ्या माणसाचा गळा ऐकतानासुद्धा हलतो म्हणे.

तर ती दुपार. नळ तसाच सोडून मी जिना चढून शेजारच्या गच्चीवर गेले आणि पोरीसमोर पाटी धरली. 'हा आवाज माझा आहे.'

ती खळखळून हसली. "मावशी, काहीही काय!" आणि तिनं मोबाइल दाखवला. त्यावर मुंबईच्या बाईंचा फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली लोकांच्या प्रतिक्रियांचा हा ढीग. आवाज परत आला. काळजात घुसलं. मॅडम, तुम्ही रडवलंत. ही खर, ही खर म्हणजे सोनं आहे. मी वाचत गेले आणि पाटीवरचं 'माझा' पुन्हा पुन्हा गिरवायला लागले. पोरगी बिचारी घाबरली. "मावशी, बरं नाही का? आजीला बोलवू?"

तिचा मोबाइल जवळजवळ हिसकावून मी खाली आले आणि आईच्या कानाला लावला. आई आधी वैतागली, कारण अंगणात तळं झालं होतं. मग ती ऐकायला लागली. ऐकता ऐकता पायरीवर बसली. "ही तर तू," ती म्हणाली. मी मान हलवली. "मग ही कोण भवानी फोटूत?" मी पाटीवर लिहिलं, 'हिच्या नावावर गेलं.' आईनं ते वाचलं, आणि मग मोबाइलकडं बघून ती जे काही बोलली ते मी इथं लिहीत नाही. माझ्या वाटचं सगळं तीच बोलली. मला नुसते डोळ्यांतून पाणी काढता येत होतं, आणि डॉक्टरांनी हुंदकाही द्यायचा नाही म्हणून सांगितलेलं.

मौन सुटायच्या दिवशी आई बरोबर आली होती. डॉक्टर म्हणाले, "हं, बोला आता. काहीही." मी "आई" म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले. जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा कसलासा आवाज निघाला. आईनं मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

डॉक्टर भले माणूस. त्यांनी आधीच सगळं समजावलं होतं, की गाठ ज्या जागी आहे तिथं वण राहू शकतो, आणि मी सही करताना मान डोलावली होती. सही करताना सगळेच मान डोलावतात. आता ते म्हणाले, बोलण्याचा आवाज बराच सुधारेल. व्यायाम सांगतो. आणि गाणं? मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "वरचे सूर येतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही."

बाहेर रिक्षात बसल्यावर मला एक गोष्ट सुचली आणि मी हादरलेच. लोक ज्या खरीवर फिदा झाले होते, ती खर म्हणजे ती गाठ होती. माझ्या जुन्या गाण्यांत ती खर कुठंच नाही. आजारानं दिली, डॉक्टरांनी कापून काढली, आणि मधल्या काळात मी धड गायले असं एकच गाणं, ते. तेही माझ्या नावावर नाही. या जगात माझा आवाज म्हणून जे काही उरलं होतं ते दुसऱ्या बाईच्या फोटोखाली वाजत होतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "गारखेडा घ्या." त्यानं आरशातून बघितलं, "ताई, सर्दी लई झाली वाटतं."

दोस्त स्टुडिओतच होता. मला बघून उठला, "अरे आपा! आओ, आओ, कैसी तबियत?" आणि मी तोंड उघडल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण मी त्याला वाईट वाटायलाही वेळ दिला नाही. म्हटलं, ते गाणं उघड. कॉम्प्युटरवर उघड, आणि मला दाखव की कुणाचा आवाज लावलाय.

"क्या बोलरे तुम, आपा? उन्होंने गाया ना. मुंबई से उनका आवाज आया, मैंने सब आगे भेज दिया."

"उघड म्हणते ना."

त्यानं फायनल होऊन परत आलेली फाईल उघडली. बाईंनी गायलेलं सगळं तिथंच होतं, व्यवस्थित, पण बंद. एकदाही वापरलेलं नाही. चालू होता तो माझा. कसं झालं ते आम्ही दोघांनी बसून उलगडलं. माझा डमी मुंबईला शिकण्यासाठी पाठवताना त्यानं सवयीप्रमाणं त्याच्यावर बाईंचं नाव घातलं होतं, गाणं कुणासाठी आहे ते कळावं म्हणून. पुढं गाणं एकत्र मिसळणारा माणूस तिसरीकडं बसलेला. त्याच्याकडं बाईंच्या नावाचे पाच-सहा आवाज गेले, त्यात हा डमीही. त्यानं सगळे ऐकले आणि सर्वांत चांगला ठेवला. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं.

"आणि तू? तुझे कान कुठं होते?" मी विचारलं.

त्यानं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आपा, महिनाभर मैं तुम्हारेच आवाज पर बाजा बिठा रहा था. सुबह-शाम वोच सुना. फायनल आया तो मेरेकु लगा, हौ, बराबर है. जैसा होना वैसाच है. कसम से, मेरेकु नै समझा."

हे मी समजू शकत होते, आणि म्हणून जास्त संताप आला. डमीची अशी सवय लागते. आमच्या धंद्यात ज्यानं त्यानं हे भोगलंय, की डमी ऐकून ऐकून कान तिकडंच वळतात आणि मग खरी गायिकाच परकी वाटते. पण म्हणून माणूस आपल्या दोस्ताचा आवाज विसरतो? मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप पडला. म्हटलं, माझं नाव लाव. आज, आत्ता. त्यानं हात जोडले. गाणं त्याच्या हातात नव्हतं, कंपनीचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काही गाजलं होतं. "मैं मर जाऊंगा आपा," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी ऑलरेडी मेले आहे." आणि त्या घोगऱ्या आवाजात ते वाक्य इतकं खरं वाटलं की तो खाली वाकून सांडलेला चहा पुसायला लागला.

महिन्याभरात बाईंचा कार्यक्रम आमच्या शहरात ठरला. संपादकांनी मुलाखतीला मलाच पाठवलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी घरातून निघताना आईला म्हटलं, आज तोंडावर विचारते. आई म्हणाली, "व्हय, इचार. आन् घाबरू नको. आवाज तुझा हाय, तिचा नाय."

जालना रोडवरच्या हॉटेलात त्यांची खोली. मला वाटलं होतं, नखरे असतील. त्या साध्या सुती साडीत, केस पुसत बसल्या होत्या. माझ्याहून चांगल्याच मोठ्या, पडद्यावर दिसतात त्याहून थकलेल्या. मला म्हणाल्या, "बसा. तुम्हीच ना त्या? माझा वरचा सा मशीनचा आहे असं लिहिणाऱ्या?" मी म्हटलं, हो. "खरं होतं ते," त्या म्हणाल्या, आणि मी जी काही तयारी करून गेले होते तिची पहिली ओळच हरवली.

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी दार लावून घेतलं आणि त्याच बोलल्या. "औरंगाबादच्या, सॉरी, संभाजीनगरच्या सगळ्या गाणाऱ्यांना तुम्ही ओळखता म्हणे. मला एक बाई शोधून द्या. हे जे गाणं सगळीकडं वाजतंय ना, त्यात मी नाहीच आहे."

माझं पेन हातात तसंच राहिलं. खरं सांगते, त्या गच्चीखाली बसला त्याहून हा धक्का मोठा होता. मी त्यांना खोटं पाडायला आले होते आणि त्या स्वतःच सांगत होत्या.

"पहिल्या दिवशी गाडीत ऐकलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीला वाटलं, अरे वा, माझा जुना आवाज. दुसऱ्या कडव्यात कळलं. ही बाई वर जाताना घाबरत नाही. मी घाबरते. पण तोवर फोन सुरू झाले होते. आवाज परत आला, अभिनंदन. मी थँक यू, थँक यू म्हणत राहिले. एकदा म्हटल्यावर मग कुठं थांबणार? आता प्रत्येक कार्यक्रमात ते लावतात आणि मी ओठ हलवते. नाशिकला हलवले, कोल्हापूरला हलवले. मला लाज वाटते हो. म्हणून मुद्दाम इथला कार्यक्रम घेतला. ती बाई इथलीच असणार, कारण संगीतकार इथला. त्याला विचारलं तर तो म्हणतो, तुम्हीच गायलात. तिला आज स्टेजवर बोलवायचं, तिचं नाव सांगायचं आणि ते गाणं तिच्याकडून म्हणून घ्यायचं. मग कंपनीला काय करायचं ते करू दे."

"ती मी," मी म्हटलं.

त्या बघत राहिल्या. माझ्या तोंडाकडं, गळ्याकडं. मग म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा?"

"बसला नाही. गेला. ऑपरेशन झालं."

त्यांना ते पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. अगदी हळू म्हणाल्या, "एक ओळ. फक्त एक ओळ म्हणा ना." आणि मी म्हटली. म्हणायला नको होती, पण म्हटली. खाली दोन शब्द कसेबसे निघाले, आणि वर जायच्या जागी नुसता वारा. त्यांनी पदर तोंडावर धरला. "अरे देवा," एवढंच म्हणाल्या.

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "गाणं आलं त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं? त्याच दिवशी? अहो, त्या आठवड्यात मी गात होते! घसा धरलेला होता, पण गात होते. तेव्हा एक फोन केला असता तर मी तुमच्या स्टेजवर येऊन गायले असते. सगळ्यांसमोर. आता बोलावता?" माझा आवाज फाटत होता, खोकला येत होता, आणि त्या मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. मला त्याचाही राग आला.

तरी जाताना त्यांनी विचारलं, नाव तरी घेऊ द्याल का? आणि मी हो म्हटलं. का नाही म्हणू? मला तेवढंच हवं होतं. माझा आवाज माझ्या नावानं एकदा वाजावा. गाता येत नसेल तर नसेल.

संध्याकाळी मैदान गच्च. आई पुढच्या रांगेत, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. माझा सिल्लोडचा दोस्त कीबोर्डमागं, चेहरा पांढराफटक, पण आला होता. बाईंनी चार गाणी गाऊन घेतली, खालच्या पट्टीत, स्वतःच्या आवाजात, आणि चांगली गायल्या. मग त्या थांबल्या आणि सरळ सांगून टाकलं. ज्या गाण्यासाठी तुम्ही आलात ते मी गायलेलं नाही. चुकून माझ्या नावावर आलं आणि मी गप्प बसले. ते गाणारी तुमच्याच शहरातली आहे. त्यांनी माझं नाव घेतलं आणि मला विंगेतून पुढं ओढलं.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग टाळ्या, शिट्ट्या, आणि मैदानभर एकच गलका, "गा! गा!" माझ्या हातात माइक आला. मी "नमस्कार" म्हटलं. स्पीकरमधून तो माझा आवाज बाहेर पडला आणि समोरची पोरं फिस्सकन हसली. बाईंनी ऑपरेशनचं सांगितलं, पण सांगणं कुठवर पोचतं? मागून कुणीतरी ओरडलं, "फेकतायत राव!" बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि दोस्ताला खूण केली. त्यानं रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं.

इतक्या मोठ्या आवाजात मी ते कधीच ऐकलं नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, मोबाइल वर धरून. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी ओठ हलवायला लागले. आणि मला ते येईना. शब्द येत होते, चाल येत होती, पण मी ते गाणं आयुष्यात एकदाच गायले होते, डोळे मिटून. मी कुठं थांबले होते, कुठं ओढून धरलं होतं, श्वास कुठं घेतला होता, मला काही आठवत नव्हतं. आवाज पुढं गेला की माझं तोंड मागून जाई. आवाज थांबला की माझं तोंड उघडंच. पोरं हसत होती. घामानं माझा ब्लाउज भिजला.

तेव्हा बाईंनी माझा हात धरला. श्वासाची जागा आली की त्या हात दाबायच्या, आणि मी श्वास घ्यायचे. त्यांना एकेक जागा पाठ होती. इतक्या स्टेजांवर त्यांनी ती घोकली होती. माझ्या गळ्यातून निघालेलं गाणं, आणि त्यात श्वास कुठं आहे ते मला त्या सांगत होत्या. पहिलं कडवं त्यांनी मला असं पार करवलं. दुसऱ्याला मी फारच चुकायला लागले, तशा त्या माझ्याकडं तोंड करून, मला दिसावं म्हणून, स्वतःच ओठ हलवायला लागल्या. एकदाही ओठ चुकले नाहीत त्यांचे.

"बघा, बघा!" पुढूनच कुणीतरी ओरडलं. "मॅडमच गातायत! ओठ बघा त्यांचे!" आणि सगळं मैदान बाईंसाठी टाळ्या वाजवायला लागलं.

बाईंनी दचकून दोन्ही हात तोंडावर घेतले. मीही थांबले. दोघींची तोंडं बंद, आणि गाणं चाललेलं. खाली आई एकटीच उठून उभी राहिली होती, माझ्याकडं बोट दाखवून शेजारच्या लोकांना काहीतरी सांगत होती, आणि ते तिला खाली बसवत होते. मला ओठ हलवायचं काम उरलं नव्हतं, म्हणून मी माझा तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकला, परक्या बाईचा ऐकावा तसा. इतकी वर्षं मी लोकांच्या गाण्यांवर लिहितेय, कोण कसं गातं ते मला कळतं. ही बाई काय गायची हो.